उपग्रहाची छत्री कुणाच्या छतावर?

५ नोव्हेंबर २०२५ रोजी महाराष्ट्र सरकारने स्टारलिंकशी इरादापत्रावर सही केली. उपग्रहामार्फत इंटरनेट देणाऱ्या या कंपनीशी असा करार करणारे महाराष्ट्र हे देशातले पहिले राज्य ठरले. त्यात चार जिल्ह्यांची नावे ठळकपणे आहेत: गडचिरोली, नंदुरबार, धाराशिव आणि वाशिम. नीती आयोगाच्या आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत महाराष्ट्रातून हेच चार जिल्हे आहेत, त्यामुळे निवड समजण्यासारखी आहे. सरकारी संस्था, ग्रामीण वस्त्या आणि महत्त्वाच्या सार्वजनिक सुविधा जोडण्याचा हेतूही रास्त आहे. पण त्यानंतरची बहुतेक चर्चा वेग किती मिळेल, संच केवढ्याला पडेल आणि दरमहा किती मोजावे लागतील, याभोवतीच फिरत राहिली. ही चर्चा ग्राहकाच्या बाजूने स्वाभाविक असली तरी तिच्यात मूळ प्रश्न मागे पडतो. उपग्रहाकडून उतरणारे इंटरनेट जमिनीवर नेमके कशाला जोडायचे? ज्याला परवडते त्याच्या गच्चीवरच्या छत्रीला, की गावाच्या मोबाइल टॉवरला, ग्रामपंचायतीतल्या फायबरच्या पेटीला आणि आरोग्य उपकेंद्राला? आपल्या देशात उपग्रह हा जमिनीवरच्या जाळ्याचाच एक थर म्हणून आला पाहिजे, आणि तसे बंधन परवान्यांत आणि करारांत आत्ताच लिहून घेतले पाहिजे, असे माझे ठाम मत आहे.

हा आग्रह धरण्याचे पहिले कारण म्हणजे नेटवर्क ही आता हक्काची अट झाली आहे. रेशन दुकानातल्या ई-पॉस यंत्रावर अंगठा लावला की ती ओळख आधारच्या सर्व्हरकडून पटून यावी लागते, मग धान्य मोजले जाते. जानेवारी २०२३ पासून रोजगार हमीच्या कामांवर मजुरांची हजेरी एनएमएमएस ॲपवर, दिवसातून दोनदा फोटो चढवून लावणे सक्तीचे झाले. अंगणवाडी सेविकेला पोषण ट्रॅकरवर नोंदी कराव्या लागतात आणि घरी न्यायचा आहार देताना लाभार्थीचा चेहराही जुळवून घ्यावा लागतो. नंदुरबारमधल्या धडगाव किंवा गडचिरोलीतल्या भामरागडसारख्या तालुक्यात, जिथे रेंजसाठी टेकडी चढावी लागते, तिथे या प्रत्येक नोंदीमागे कुणाचे तरी धान्य, मजुरी किंवा आहार अडकलेला असतो. यात एक गोष्ट नीट पाहण्यासारखी आहे. अंगठ्याच्या पडताळणीला जेमतेम काही किलोबाइट डेटा लागतो. हजेरीचा फोटो त्याहून थोडा मोठा. म्हणजे या कामांना भन्नाट वेग लागत नाही. दुपारी बारा वाजता जोडणी आहे याची खात्री लागते. शासनाने स्वतःच ही अट घातली असल्याने ती पुरी होईल अशी सोय करणे हेही शासनाचेच काम ठरते.

जमिनीवरचे जाळे या खात्रीला का उतरत नाही, हे समजून घेतल्याशिवाय उपग्रहाची जागा ठरवता येणार नाही. ग्रामपंचायतींपर्यंत फायबर नेण्याची योजना २०११ मध्ये मंजूर झाली आणि पुढे तिचे नाव भारतनेट झाले. आज दोन लाखांहून अधिक ग्रामपंचायती कागदोपत्री ‘सेवेस सज्ज’ आहेत. पण सज्ज असणे आणि चालू असणे यांत मोठे अंतर पडते. रस्ता रुंद करताना जेसीबीने केबल तोडली की ती जोडायला कोण येणार हे ठरलेले नसते. वीज गेली की पेटी बंद. कुठे ती पेटी कपाटात कुलूपबंद पडून राहते. मूळ रचनेत केबल एका सरळ रेषेत गेली असल्याने एका ठिकाणी तुटली की पुढची सगळी गावे एकदम अंधारात. हा दोष ओळखूनच ऑगस्ट २०२३ मध्ये केंद्राने १,३९,५७९ कोटी रुपयांची सुधारित योजना मंजूर केली. तिच्यात केबलचे वर्तुळ करायचे आहे, म्हणजे एक बाजू तुटली तरी दुसऱ्या बाजूने वाट राहील. मोबाइल टॉवरची कथाही फार वेगळी नाही. देशातल्या निम्म्याहून अधिक टॉवरपर्यंत अजून फायबर गेलेले नाही. ते सूक्ष्मलहरींच्या दुव्याने एकमेकांना जोडलेले असतात आणि त्या साखळीतला एक टॉवर बंद पडला की त्यामागचे सगळे बसतात. फोनवर रेंजचे चारही दांडे दिसतात आणि नेट मात्र चालत नाही, असे होते ते बहुधा यामुळेच. टॉवर उभा असतो, त्याचा मागचा दुवा तुटलेला असतो.

उपग्रह नेमका हा मागचा दुवा पुरवू शकतो, आणि अलीकडे तो कामाचा झाला आहे. जुने दळणवळण उपग्रह विषुववृत्तावर ३५,७८६ किलोमीटर उंचीवर असतात. प्रकाशाच्या वेगाने जाऊनही विचारणा वर जाऊन खाली यायला आणि उत्तर त्याच वाटेने परतायला अर्धा सेकंद जातो. व्हिडिओ पाहताना तो कळत नाही, पण पडताळणीसारख्या कामात सर्व्हरशी चार-पाच वेळा बोलणे होत असेल तर विलंब साचत जातो. स्टारलिंकचे उपग्रह साधारण ५५० किलोमीटरवर, वनवेब या दुसऱ्या कंपनीचे १,२०० किलोमीटरवर फिरतात, त्यामुळे हा विलंब सेकंदाच्या काही शतांशांवर येतो, जवळपास जमिनीवरच्या जाळ्याइतका. दुसरा बदल मोबाइलच्या मानकांत झाला. थ्रीजीपीपी या जागतिक संघटनेने २०२२ मध्ये पक्क्या केलेल्या १७व्या आवृत्तीत प्रथमच उपग्रहाला फाइव्ह-जी जाळ्याचा घटक मानले. सेकंदाला सात-साडेसात किलोमीटर धावणाऱ्या उपग्रहामुळे लहरींची वारंवारता सरकते, ती कशी सावरायची आणि लांबच्या विलंबाला जाळ्याने कसे सामावून घ्यायचे, हे त्यात लिहिलेले आहे. आणि एक गोष्ट जाहिरातींत कधी येत नाही. आकाशातले इंटरनेटही शेवटी जमिनीवरच उतरते. भारताच्या परवान्याच्या अटींनुसार इथल्या ग्राहकांचा डेटा भारतातल्याच गेटवे केंद्रांतून जावा लागतो, आणि तिथून पुढे त्याचा प्रवास फायबरनेच होतो. उपग्रह आणि फायबर हे प्रतिस्पर्धी आहेत ही कल्पनाच त्यामुळे लटकी पडते.

जोडून घेतल्यावर काय होते याचे सर्वात स्पष्ट उदाहरण जपानचे आहे. तिथल्या केडीडीआय या मोबाइल कंपनीने डिसेंबर २०२२ मध्ये शिझुओका प्रांतातल्या हात्सुशिमा या लहानशा बेटावरचा टॉवर स्टारलिंकच्या दुव्यावर चालवायला सुरुवात केली. डोंगराळ भाग आणि बेटे मिळून अशी सुमारे १,२०० ठिकाणे जोडण्याचा कंपनीचा मानस होता. बेटावरच्या माणसाच्या दृष्टीने यात काय बदलले? फोन तोच, सिम तेच, बिलही त्याच कंपनीचे. कुणी छत्री विकत घेतली नाही, कुणाला उपग्रहाचे वेगळे खाते उघडावे लागले नाही. टॉवरच्या मागचा जुना दुवा गेला आणि त्याच्या जागी आकाशातला आला, एवढेच. १ जानेवारी २०२४ रोजी नोटो द्वीपकल्पात मोठा भूकंप झाला. दरडी कोसळून रस्ते तुटले, केबल तुटल्या, टॉवर बंद पडले. त्या वेळी केडीडीआयने केबल तुटलेले टॉवर आणि वाहनांवरची फिरती केंद्रे याच पद्धतीने उपग्रहावर नेली, आणि निवारा केंद्रांत संच बसवून लोकांना वाय-फाय दिले. हे पटकन जमले, कारण उपग्रह आणि मोबाइल जाळे यांची सांधेजोड आधीच्या वर्षभरात रोजच्या वापरात घासून-पुसून झालेली होती. याच्या उलट टोंगा. जानेवारी २०२२ मध्ये समुद्रातल्या ज्वालामुखीच्या स्फोटाने त्या देशाची एकमेव आंतरराष्ट्रीय केबल तुटली आणि ती सांधायला पाच आठवडे लागले. तिथेही मदत म्हणून उपग्रहाचे संच गेले, पण संकट येऊन गेल्यावर. आपल्याकडे संकट दर पावसाळ्यात ठरल्याप्रमाणे येते. पर्लकोटा नदीचे पाणी पुलावर चढले की भामरागडचा रस्ता बंद होतो, हे तिथल्या प्रशासनाला तारखेगणिक नाही, तरी महिन्यागणिक ठाऊक असते. त्यासाठी तयारी आधी हवी.

भामरागडचे नाव घेतले, तर तिथल्या अडचणीही पाहिल्या पाहिजेत. उपग्रहाच्या छत्रीला डोक्यावरचे बरेचसे आकाश मोकळे लागते, कारण उपग्रह एका जागी थांबत नाही. एक क्षितिजाकडे कलतो तोवर दुसऱ्याला धरावे लागते. मध्ये झाडाची फांदी आली की जोडणी क्षणभर तुटते. गडचिरोलीत घनदाट जंगलातल्या वस्तीवर घरोघरी छत्र्या बसवायच्या तर झाडे तोडा किंवा तुटक सेवा सोसा, असा पेच येईल. तीच छत्री टॉवरच्या जागी, झाडांच्या वर किंवा मोकळ्या आवारात बसवली तर पेच उरत नाही. पावसाची गोष्टही तशीच. या लहरी उच्च वारंवारतेच्या असतात आणि मुसळधार सरीत त्या क्षीण होतात. पाऊस थांबला की जोडणी परत येते, पण तेवढ्या वेळात महत्त्वाचा निरोप आधी जावा अशी व्यवस्था हवी, आणि ती जाळ्यातच करता येते. विजेचे म्हणाल तर एका संचाला ७५ ते १०० वॅट लागतात, म्हणजे दिवसरात्र चालवला तर दोन युनिटच्या आसपास. वीज बेभरवशाची असलेल्या पाड्यावर एखाद्या घराला एवढे सौर पॅनल आणि बॅटरी परवडणार नाही. टॉवरवर किंवा उपकेंद्रावर ती सोय एकदाच करावी लागते. म्हणून चारही जिल्ह्यांना एकच मोजपट्टी लावणे मला चुकीचे वाटते. गडचिरोलीत आणि सातपुड्याच्या रांगांतल्या अक्कलकुवा-धडगावात भूगोल आडवा येतो, तिथे पुढची काही वर्षे उपग्रह हाच मुख्य दुवा असेल. धाराशिव आणि वाशिम हे पठारावरचे जिल्हे. तिथे रस्ते आहेत, केबल जाऊ शकते. अडते ते देखभालीवर. तिथे उपग्रह मुख्य दुवा म्हणून आणणे म्हणजे नादुरुस्त केबलवर पांघरूण घालणे ठरेल. तिथे तो पर्यायी वाट म्हणून, म्हणजे केबल तुटली की आपोआप चालू होणारा असाच असावा.

यावर सर्वात वजनदार आक्षेप येतो तो फायबरवाल्यांचा. उपग्रहाची सोय झाली की भारतनेट रखडेल, दुर्गम भागाला कायमचे दुय्यम इंटरनेट मिळेल, असे ते म्हणतात. ही भीती निराधार नाही. आकडे त्यांच्या बाजूने आहेत. नोव्हेंबर २०२४ मध्ये सोडलेल्या इस्रोच्या जीसॅट-एन२ या उपग्रहाची एकूण क्षमता ४८ जीबीपीएस आहे, आणि ती ३२ झोतांतून सबंध देशात वाटली जाते. केसाएवढ्या जाडीच्या एका फायबरमधून आजच्या साधनांनी त्याच्या शेकडो पट डेटा जातो. खालच्या कक्षेतल्या हजारो उपग्रहांनी क्षमता खूप वाढवली असली तरी एका परिसरातल्या सगळ्या ग्राहकांना ती वाटूनच घ्यावी लागते. तेव्हा शाळेतल्या शंभर मुलांनी एकाच वेळी व्हिडिओ पाहावेत, गावात लहानसा उद्योग उभा राहावा, हे स्वप्न फायबरशिवाय पुरे होणार नाही. पण यातून निघणारा निष्कर्ष उपग्रह नको असा नाही. २०११ पासून फायबरची वाट पाहणाऱ्या पाड्याला आणखी थांब म्हणणे अन्यायाचे आहे. करारातच असे लिहावे की ज्या दिवशी त्या गावाची केबल सलग काही महिने नीट चालेल, त्या दिवशी उपग्रहाचा दुवा राखीव होईल आणि त्याची मोकळी झालेली क्षमता पुढच्या गावाला मिळेल. कोणत्या गावात कोणता दुवा किती तास चालला हे जिल्ह्याच्या संकेतस्थळावर रोज दिसले पाहिजे. मग उपग्रहाच्या आडोशाने फायबर रखडवणे कुणालाही सोपे जाणार नाही.

दुसरा आक्षेप खर्चाचा. मोबाइलवर एक जीबी डेटा दहा रुपयांच्या आतबाहेर मिळणाऱ्या देशात उपग्रहाचे इंटरनेट कोण घेणार? घरागणिक विकायचे ठरवले तर हा आक्षेप बिनतोड आहे. पण जुलै २०२५ मध्ये दूरसंचार राज्यमंत्री पेम्मासानी चंद्रशेखर यांनी दिलेला आकडा घ्या: स्टारलिंकला भारतात जास्तीत जास्त २० लाख जोडण्या देता येतील, वेग २०० एमबीपीएसपर्यंत. २०११ च्या जनगणनेनुसार देशात सुमारे २५ कोटी कुटुंबे होती. त्या २० लाख जोडण्या घरांना दिल्या तर एक टक्काही कुटुंबे जोडली जात नाहीत, आणि ती एक टक्का कोण असतील हे सांगायला नको. देशातली गावे मात्र साडेसहा लाखांच्या आत आहेत. तेवढ्याच जोडण्या गावांना दिल्या तर प्रत्येक गावाला तीन वाट्याला येतात. गावाचा भार घरापेक्षा कितीतरी जास्त असतो, त्यामुळे हिशेब इतका सरळ नाही; तरी सामाईक वापराने चित्र किती पालटते ते यातून दिसते. आपल्याला हे नवे नाही. १९७५-७६ मध्ये साइट प्रयोगात अमेरिकेच्या एटीएस-६ उपग्रहावरून सहा राज्यांतल्या सुमारे २,४०० गावांत दूरदर्शनचे कार्यक्रम उतरवले गेले, तेव्हा इस्रोने गावागणिक एक सामाईक संच ठेवला होता. गरीब देशाने महागडे तंत्रज्ञान कसे वापरावे याचा तो धडा आजही लागू आहे. पैशाचा स्रोतही तयार आहे. दूरसंचार कंपन्यांच्या समायोजित महसुलाचे पाच टक्के डिजिटल भारत निधीत जातात, आणि हा निधी दुर्गम भागापर्यंत दूरसंचार सेवा नेण्यासाठीच आहे. त्यातून उपग्रहाची क्षमता घाऊक भावाने घेऊन बीएसएनएलच्या आणि खासगी टॉवरना समान अटींवर दिली तर गावकऱ्याला आपले नेहमीचे रिचार्ज पुरते. खासगी मोबाइल कंपन्यांची तक्रार आहे की उपग्रहवाल्यांना लिलावाशिवाय तरंगलहरी मिळतात आणि ते शहरात येऊन आपलेच ग्राहक पळवतील. घाऊक व्यवस्थेत ही तक्रार बऱ्याच अंशी विरते. दूरसंचार नियामक ट्रायने मे २०२५ च्या शिफारशींत शहरी ग्राहकामागे वर्षाला ५०० रुपये जादा आकार सुचवला, तोही उपग्रहाने खेड्याकडे वळावे म्हणूनच.

तिसरा आक्षेप मला सर्वात गंभीर वाटतो. सरकारी सेवा एका परदेशी खासगी कंपनीच्या उपग्रहांवर टांगायच्या का? २४ फेब्रुवारी २०२२ रोजी, रशियाने युक्रेनवर आक्रमण केले त्याच दिवशी, व्हायासॅट या कंपनीच्या केए-सॅट या उपग्रह जाळ्यावर सायबर हल्ला झाला. हजारो मोडेम निकामी झाले, आणि युद्धाशी काही संबंध नसलेल्या जर्मनीसह मध्य युरोपात ५,८०० पवनचक्क्यांवरचे दूरनियंत्रण बंद पडले. २४ जुलै २०२५ रोजी स्टारलिंकची सेवा अंतर्गत सॉफ्टवेअरमधल्या बिघाडाने जगभर सुमारे अडीच तास कोलमडली. ज्याच्या घरावर फक्त छत्री होती त्याच्यापाशी त्या अडीच तासांत दुसरा मार्गच नव्हता. म्हणजे या घटना एकाच दुव्यावर विसंबण्याच्या विरोधातल्या आहेत, आणि जमिनीच्या जाळ्याशी सांधण्याच्या बाजूने बोलतात. टॉवर प्रमाणित पद्धतीने जोडला असेल तर त्याच्या मागे आज स्टारलिंक, उद्या वनवेब, परवा जिओ-एसईएस किंवा जीसॅट लावता येतो. यांपैकी वनवेबमध्ये भारती समूहाची मोठी गुंतवणूक आहे, आणि तिचे ७२ उपग्रह ऑक्टोबर २०२२ आणि मार्च २०२३ मध्ये श्रीहरिकोट्याहून इस्रोच्याच अग्निबाणाने गेले. मे २०२५ मध्ये केंद्राने सुरक्षेच्या अटी कडक केल्या, देशातच डेटा ठेवणे, कायदेशीर देखरेख, सीमेलगत विशेष लक्ष आणि पाच वर्षांत जमिनीवरच्या साधनांत २० टक्के स्वदेशी वाटा, हे योग्यच झाले. पण पुरवठादार बदलता येणे ही अट त्यांच्याइतकीच महत्त्वाची आहे. घरोघरच्या छत्र्यांत ती कधीच पाळता येणार नाही, कारण एका कंपनीची छत्री दुसऱ्या कंपनीच्या उपग्रहाशी बोलत नाही.

केबल तुटल्यावर अपुऱ्या दुव्यावर रेशनच्या पडताळणीला आणि रुग्णवाहिकेच्या कॉलला व्हिडिओच्या आधी वाट दिली, तर नेट न्यूट्रॅलिटीचा, म्हणजे सगळ्या डेटाला समान वागणूक देण्याच्या तत्त्वाचा, भंग होईल असेही काहींना वाटेल. २०१८ मध्ये भारताने स्वीकारलेल्या नियमांतच वाजवी वाहतूक-व्यवस्थापनाला आणि आणीबाणीच्या सेवांना मुभा आहे. ती कधी लागू होते आणि कधी उठते हे जाहीर असले की पुरे.

इरादापत्राचे रूपांतर कार्यादेशात होताना महाराष्ट्राने पैसे कशाचे मोजायचे, हे म्हणूनच मला निर्णायक वाटते. किती छत्र्या बसवल्या यावर देयक निघाले, तर छत्र्या बसतील आणि भारतनेटच्या पेट्यांसारख्या कपाटात जातील. गावातल्या टॉवरवर आणि उपकेंद्रात महिन्याचे किती तास जोडणी चालली, केबल तुटल्यावर किती मिनिटांत उपग्रहाकडे वळली, पावसाळ्याच्या चार महिन्यांत ती किती टिकली, यावर देयक ठरले पाहिजे. दुरुस्तीसाठी मुंबईहून माणूस येण्याची वाट पाहावी लागू नये म्हणून भामरागड, एटापल्ली, धडगाव, अक्कलकुवा या प्रत्येक तालुक्याच्या ठिकाणी सुटे भाग आणि आयटीआय झालेले स्थानिक तरुण असावेत, त्यांचा पगार करारातच धरलेला असावा. आणि निदान पहिल्या पावसाळ्याआधी, रस्ता चालू असताना, प्रत्येक टॉवरची केबल एकदा मुद्दाम काढून बघावी: रेशन दुकानातल्या यंत्रावर अंगठा लागतो की नाही.